हॅकेथॉनमधील ज्ञानाची देवघेव आणि सांघिक काम

(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसंमेलनातील भाषणाचा मजकूर)



‘हॅकेथॉन’ हा शब्द काही वर्षांपूर्वीपर्यंत अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या आवारातच ऐकू येत असे. आता तो जिल्हा परिषदेच्या शाळांच्या व्हरांड्यापर्यंत येऊन पोहोचला आहे. २०२५ साली केंद्र शासनाने ‘विकसित भारत बिल्डेथॉन’ या नावाने इयत्ता ६ वी ते १२ वीच्या विद्यार्थ्यांसाठी याच धर्तीचा उपक्रम देशभर घेतला. परिपत्रक आले की नोंदणी करावयाची, छायाचित्रे पाठवावयाची आणि विषय संपला असे समजावयाचे, हा मार्ग सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु ज्या गोष्टीचे नाव परिपत्रकात येते ती मुळात काय आहे, तिच्यात शिक्षणाच्या दृष्टीने घेण्याजोगे काय आहे, आणि जे घेण्याजोगे आहे ते चौथी-पाचवीच्या वर्गात, संगणक नसताही, कितपत आणता येईल, याचा विचार शिक्षकानेच करावयाचा आहे. तो परिपत्रकात लिहिलेला नसतो.

प्रथम शब्दाचा उलगडा केला पाहिजे. ‘हॅक’ आणि ‘मॅरेथॉन’ या दोन शब्दांच्या जोडातून तो बनला आहे. वृत्तपत्रे वाचणाऱ्यास ‘हॅकर’ म्हणजे दुसऱ्याच्या संगणकात चोरवाटेने शिरणारा मनुष्य, एवढेच ठाऊक असते. आणि त्यामुळे मुलांना हॅकेथॉनला पाठवावयाचे म्हटल्यावर एखादा पालक दचकला तर त्यात नवल नाही. परंतु हा त्या शब्दाचा नंतरचा अर्थ होय. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत आगगाडीच्या लहान प्रतिकृती चालविण्याचा छंद असलेल्या विद्यार्थ्यांचे एक मंडळ होते. रुळांखालील तारांच्या व स्विचांच्या जाळ्यात एखाद्याने युक्तीने सुधारणा केली की त्या करामतीस हे विद्यार्थी ‘हॅक’ म्हणत. पुढे त्यांच्यापैकी काहीजण संगणकाकडे वळले आणि शब्दही त्यांच्याबरोबर तिकडे गेला. मुळात त्या शब्दात चोरी नाही, कारागिरी आहे. मॅरेथॉन म्हणजे लांब पल्ल्याची शर्यत. तेव्हा हॅकेथॉन म्हणजे काही माणसांनी ठरावीक मुदतीपुरते, बहुधा २४ ते ४८ तास, एकत्र बसून एखाद्या प्रश्नावर कच्चे का होईना पण चालते उत्तर तयार करणे.

या शब्दाचा जन्म १९९९ सालच्या जून महिन्यात झाला, आणि गमतीची गोष्ट अशी की तो एकाच महिन्यात दोन निरनिराळ्या ठिकाणी झालेला दिसतो. ‘ओपनबीएसडी’ नावाची संगणकाची एक मूलभूत प्रणाली आहे. ती कोणा एका कंपनीच्या मालकीची नाही. अनेक देशांत विखुरलेले लोक ती मिळून लिहितात, आणि ती कोणासही मोफत वापरता येते. संदेश सांकेतिक रूपात बदलून सुरक्षित ठेवण्याचे जे शास्त्र आहे, त्यासंबंधीची प्रणाली अमेरिकेतून परदेशी पाठविण्यावर त्या काळी तेथील शासनाचे निर्बंध होते. यास्तव हे काम अमेरिकेच्या भूमीवर न करता कॅनडात करावे असे ठरले. आणि ४ जून १९९९ रोजी कॅनडातील कॅलगरी शहरी दहा माणसे त्यासाठी एकत्र जमली. या जमण्यास त्यांनी हॅकेथॉन म्हटले. तेथे पारितोषिक नव्हते आणि परीक्षकही नव्हते. त्यानंतर दहा-अकरा दिवसांनी, १५ ते १९ जून या काळात, सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीच्या ‘जावावन’ परिषदेत जॉन गेज यांनी जमलेल्या मंडळींस एक आव्हान दिले. तळहातावर मावणाऱ्या ‘पाम फाइव्ह’ या नव्या यंत्रासाठी जावा भाषेत प्रणाली लिहावी आणि त्या यंत्रातील अवरक्त किरणांच्या साहाय्याने इतरांच्या यंत्रांशी संपर्क साधून दाखवावा, असे ते आव्हान होते. त्यासही हॅकेथॉन हेच नाव देण्यात आले.

शब्द एक, परंतु प्रकृती दोन. एकीकडे कामासाठी जमणे आहे, दुसरीकडे आव्हान आहे. आजच्या बहुतेक हॅकेथॉनमध्ये या दोन्ही प्रकृती मिसळलेल्या आढळतात, आणि छायाचित्रात मात्र दुसरीच दिसते. कारण मोठ्या आकाराचा धनादेश हाती धरलेला संघ छायाचित्रात चांगला दिसतो, आणि रात्री दोन वाजता एकाने दुसऱ्यास समजावून सांगितलेली गोष्ट छायाचित्रात येत नाही. शिक्षकाच्या कामाची गोष्ट ती दुसरीच आहे.

ओपनबीएसडीच्या मंडळींत एक प्रघात आहे, आणि त्याकडे शिक्षकांनी अवश्य लक्ष द्यावे. एखाद्याने मूळ प्रणालीत काही बदल लिहिला, तर तो सामान्यतः एकट्याच्या अधिकारात मूळ संग्रहात घालावयाचा नसतो. दुसऱ्या जाणत्या सभासदाने तो वाचावयाचा, शंका विचारावयाच्या, आणि पटल्यावर संमती द्यावयाची. बदलाबरोबर जी लहानशी टीप नोंदविली जाते तीत ‘ओके’ ही दोन अक्षरे आणि वाचणाऱ्याचे नाव लिहिलेले असते. अनेक वर्षांनी कोणी ती नोंद उघडून पाहिली, तर काम कोणी केले आणि ते कोणी तपासले हे दोन्ही तिच्यात सापडते. या साध्या प्रघाताने चूक लवकर पकडली जाते, हा त्याचा उघड फायदा. परंतु त्याहून महत्त्वाचा फायदा असा की काम करणाऱ्याच्या डोक्यात जे होते ते निदान आणखी एका डोक्यात उतरते. तो मनुष्य उद्या आजारी पडला किंवा काम सोडून गेला, तरी काम अडत नाही.

महाराष्ट्रातील खेड्यांना एकत्र येऊन काम उरकण्याची रीत नवी नाही. सावड आणि इर्जिक हे शब्द जुन्या शेतकऱ्यांच्या तोंडी अजून आहेत. नांगरणीसाठी गावातील बैलजोड्या एकाच्या शेतात जमत, दिवसभर नांगर चालत, आणि शेतमालक सर्वांना जेवू घाली. ट्रॅक्टर आल्यापासून ही चाल बरीच मागे पडली, हे खरे. हॅकेथॉनचे वर्णन ‘डोक्याची इर्जिक’ असे केले तर खेड्यातील पालकास ते पटकन समजेल. तथापि एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. इर्जिकीत दहाही नांगर एकच काम करतात, म्हणून दहा नांगर आले की काम दहापट होते. हॅकेथॉनमध्ये दहाजणांना दहा निराळ्या गोष्टी येत असतात; एकास येते ते दुसऱ्यापर्यंत गेले नाही, तर दहाजण असूनही काम एकाचेच होते. श्रम नुसते एकत्र केले तरी त्यांची बेरीज होते. ज्ञानाची बेरीज आपोआप होत नाही, ती करवून घ्यावी लागते.

ती कशी करवून घेतली जाते, हे भारतातील उदाहरणावरून पाहता येईल. केंद्र शासनाने २०१७ साली ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’ सुरू केले. त्या वर्षी १ व २ एप्रिल रोजी देशातील अनेक केंद्रांवर एकाच वेळी सलग ३६ तास त्याची अंतिम फेरी चालली, आणि सुमारे १०,००० विद्यार्थी तीत होते. प्रश्न शासनाच्या निरनिराळ्या मंत्रालयांनी व खात्यांनी दिले होते. या स्पर्धेत संघ सहा विद्यार्थ्यांचा असतो आणि त्यात निदान एक विद्यार्थिनी असलीच पाहिजे असा नियम आहे. संघाबरोबर मार्गदर्शकही असतात, परंतु काम विद्यार्थ्यांनी करावयाचे असते.

असा संघ कामाला बसला म्हणजे काय घडते? पहिल्या तास-दोन तासांत प्रश्नाची फोड होते: कोणास काय येते, कोणता भाग कोणी करावयाचा. हे ठरले की सहाजण आपापल्या संगणकात डोके घालून बसतात, आणि अनुभव नसलेल्या संघाची चूक नेमकी येथे होते. प्रत्येकजण आपला भाग उत्तम करतो. पण पहाटे ते भाग एकत्र जोडावयास घेतले की सांधे बसत नाहीत. एकाने तारीख लिहिताना आधी दिवस आणि मग महिना घेतलेला असतो, दुसऱ्याने आधी महिना आणि मग दिवस. दोघांचेही बरोबर, पण पाचव्या महिन्याची सात तारीख एकाची मे महिन्यात पडते आणि दुसऱ्याची जुलैमध्ये. शाळेतही असेच घडते. वर्गखोलीचे क्षेत्रफळ काढावयास दोन गटांना सांगितले, एकाने भिंतीच्या आतून माप घेतले आणि दुसऱ्याने बाहेरून, तर गुणाकार दोघांचाही अचूक असून उत्तरे जुळत नाहीत. मुलांना गुणाकार येत नाही असा निष्कर्ष काढून शिक्षक पुन्हा पाढे म्हणवून घेतो, आणि खरी उणीव, म्हणजे माप कोठून घ्यावयाचे हे आधी एकमेकांशी न बोलणे, तशीच राहून जाते.

अनुभवी संघ ही आपत्ती टाळण्यासाठी दोन-तीन युक्त्या योजतात. त्यांतील एक म्हणजे दर काही तासांनी सर्वांनी काम थांबवून उभ्याउभ्याच थोडा वेळ बोलावयाचे. बसून बोलू लागले की सभा होते आणि सभा लांबते, हे शिक्षकांना वेगळे सांगावयास नको. प्रत्येकाने तीनच गोष्टी सांगावयाच्या: काय झाले, पुढे काय करणार, आणि अडले कोठे. या तिसऱ्या गोष्टीसाठीच खरे म्हणजे हा सारा खटाटोप असतो. दुसरी युक्ती अशी की एकाच संगणकापुढे दोघांनी बसावयाचे. एकजण लिहितो, दुसरा वाचीत राहतो, आणि ठरावीक वेळाने जागांची अदलाबदल होते. बाहेरून पाहणाऱ्यास वाटते की दोन माणसांत एकाचेच काम होत आहे. परंतु वाचणारा चूक तेथल्या तेथे दाखवितो, आणि लिहिणाऱ्यास आपण काय करीत आहोत हे शब्दांत सांगावे लागते. जे शब्दांत सांगता आले नाही ते पुरते समजलेले नव्हते, असा अनुभव त्यास अनेकदा येतो. फळ्यापुढे उभा राहणारा कोणता शिक्षक या अनुभवास अपरिचित आहे?

परंतु युक्त्या योजल्या तरी दोन अडचणी उरतात, आणि त्या महाविद्यालयात असतात तशाच चौथीच्या वर्गातही असतात.

पहिली अडचण हुशार मुलाची आहे. ज्यास अधिक येते तो कळफलक स्वतःकडे ओढतो. त्याचा हेतू वाईट नसतो. समजावून सांगण्यापेक्षा स्वतः करणे लवकर होते, आणि घड्याळ पुढे सरकत असते. उरलेले पाचजण त्याच्या खांद्यावरून पाहतात, चहा आणून देतात, आणि शेवटी व्यासपीठावर त्याच्या शेजारी उभे राहतात. निकालपत्रात संघ जिंकलेला दिसतो. शिकलेला मात्र एकच असतो, आणि तोही पूर्वीच शिकलेला होता. संघात मुलगी असलीच पाहिजे हा नियम चांगला आहे, परंतु सादरीकरण करणे किंवा सुवाच्य अक्षरात तक्ते लिहिणे एवढेच तिच्या वाट्यास ठेवले, तर नियम पाळला जातो आणि नियमाचा हेतू मोडला जातो. खेड्यातील वर्गात तर हे सर्रास घडते. प्रयोगाचे साहित्य मुलांच्या हाती, आणि वही मुलींच्या हाती. ती वही नीटनेटकी असते म्हणून शिक्षक समाधानी राहतो.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. ‘हे मला येत नाही’ असे सांगण्याची लाज वाटणे, ही ती अडचण होय. हॅकेथॉनच्या पहिल्या तासात हे वाक्य कोणी उच्चारले, तर शेजारचा दहा मिनिटांत ती गोष्ट दाखवून देतो. तेच विसाव्या तासाला उघडकीस आले, तर सर्वांची रात्र फुकट जाते. वाक्य तेच, किंमत मात्र दर तासाला वाढत जाते. प्राथमिक शाळेत तर तिची मोजदाद तासांत नव्हे, वर्षांत होते. तिसरीत हातच्याची वजाबाकी न समजलेले मूल गटात मागे बसून शेजाऱ्याचे उत्तर उतरवून घेते. गटकार्य झाले अशी नोंद होते, मूल चौथीत जाते, मग पाचवीत. सातवीत ते शाळा सोडते तेव्हा कारण ‘अभ्यासात गोडी नाही’ असे लिहिले जाते. त्या मुलास आपले न येणे कोणापुढे, कधी आणि कोणत्या शब्दांत सांगता आले असते, या प्रश्नाचे उत्तर देणे ही शाळेची जबाबदारी आहे; त्याच्या बुजरेपणाकडे बोट दाखवून ती टळत नाही.

या दोन्ही अडचणींवर उपदेशाचा उपयोग होत नाही. ‘मुलांनो, मिळून काम करा’ असे सांगितल्याने मुले मिळून काम करीत नाहीत. कामाची रचनाच अशी असावी लागते की मिळाल्यावाचून ते पुरे होऊ नये. याचे एक नामांकित उदाहरण अमेरिकेतील टेक्सास राज्यात ऑस्टिन शहरी १९७१ साली घडले. तेथील शाळांत गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना नुकतेच एकत्र बसविण्यात आले होते आणि वर्गात तेढ माजली होती. मानसशास्त्रज्ञ इलियट ॲरन्सन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह तेथे एक साधी योजना केली. पाच-सहा मुलांचे मिश्र गट पाडले. पाठाचे तितकेच भाग करून प्रत्येक मुलास एकेक भाग दिला, आणि इतरांचा भाग कोणासही वाचावयास मिळणार नाही अशी व्यवस्था केली. निरनिराळ्या गटांतील ज्या मुलांना एकच भाग मिळाला ती आधी एकत्र बसून तो भाग पक्का करीत, आणि मग आपापल्या गटात परत जाऊन तो शिकवीत. परीक्षा मात्र संपूर्ण पाठावर. अशा स्थितीत अडखळत बोलणाऱ्या मुलाची थट्टा करणाऱ्याचेच नुकसान होते. कारण त्या मुलाजवळ असलेला भाग दुसरीकडे कोठेच मिळत नाही. मुलांना हे उमगावयास फार दिवस लागले नाहीत. ती थट्टा सोडून त्यास प्रश्न विचारून बोलते करू लागली. चित्राचे तुकडे जुळविण्याच्या खेळावरून या पद्धतीस ‘जिगसॉ’ हे नाव मिळाले. तिला संगणक लागत नाही, वीज लागत नाही. पाठाच्या चार हस्तलिखित प्रती पुरतात.

आता द्विशिक्षकी शाळेत एखादा दिवस हॅकेथॉनच्या धर्तीवर घ्यावयाचा तर कसा घ्यावा? प्रश्न मोठ्या शब्दांत देऊ नये. ‘जलसंधारण’ असा विषय दिला की मुले पाठ्यपुस्तकातील परिच्छेद उतरवितात. ‘सकाळी भरलेली शाळेची टाकी दुपारच्या जेवणानंतर रिकामी होते, पाणी कोठे जाते?’ असा प्रश्न दिला की त्यांना वर्गाबाहेर पडावे लागते. पाचवी ते सातवीच्या मुलांचे पाच-पाचांचे गट करावेत, आणि ते हुशारीवरून किंवा मैत्रीवरून न पाडता इयत्ता मिसळून पाडावेत. पोषण आहार शिजविणाऱ्या बाईंना किती हंडे पाणी लागते हे एकाने विचारावे. हात धुताना कोणता नळ किती वेळ चालू राहतो ते दुसऱ्याने पाहावे. गळत्या नळाखाली तिसऱ्याने माप ठेवावे. पाव तासात अर्धा लिटर पाणी साचले, तर तासाला २ लिटर. टाकीत पाणी राहिले तर अहोरात्र ४८ लिटर. हंडा १५ लिटरांचा धरला तर हे तीन हंड्यांहून अधिक झाले. हा हिशेब पाचवीच्या मुलाच्या आवाक्यातला आहे, आणि तो त्याने केला म्हणजे घरी आईने डोक्यावरून आणलेल्या तीन हंड्यांशी त्याचा मेळ ते मूल स्वतःच घालते.

मग प्रश्न येतो नळ दुरुस्त करण्याचा, आणि येथे बहुधा एक अनपेक्षित गोष्ट घडते. वाचनात मागे असलेला, ज्याचे नाव प्रगतीच्या यादीत कधी वर येत नाही, असा एखादा मुलगा सांगतो की नळाचा वायसर झिजला आहे. त्याचा बाप किंवा काका मोटारी दुरुस्त करतो, आणि हा त्याच्या हाताखाली पाने-पकडी देत असतो. शिक्षकाने अशा वेळी त्यास ‘शाब्बास, बदल’ म्हणून मोकळे होऊ नये. त्याने वायसर स्वतः बदलू नये, गटातील ज्या मुलीने तो कधी पाहिलाही नाही तिच्या हातून बदलवून घ्यावा, असे त्यास सांगावे. तो पान्यास हात न लावता केवळ बोलून शिकवील. त्यास वेळ लागेल, नळ एकदा उलटा फिरेल, पाणी अंगावर उडेल. त्या बदल्यात ती मुलगी त्यास अहवालातील दोन वाक्ये स्वतः लिहावयास लावील; तिनेही लेखणी हाती घ्यावयाची नाही. मध्ये दोनदा सर्वांस अंगणात उभे करून ‘काय झाले, काय करणार, कोठे अडले’ हे तीन प्रश्न विचारावेत, आणि ज्याने कोठे अडले ते नेमके सांगितले त्याचे नाव फळ्यावर लिहावे. न येणाऱ्या गोष्टीसाठी नाव फळ्यावर लागते, हे मुलांना प्रथम खोटेच वाटते.

रात्रभर जागण्याचा जो प्रकार महाविद्यालयांत चालतो तो प्राथमिक शाळेत मुळीच आणू नये. लहान मुलांची झोप मोडण्यात कोणताही पुरुषार्थ नाही. मुदत मात्र हवी. सकाळच्या प्रार्थनेपासून दुपारच्या घंटेपर्यंत असे ठरले तर त्या घंटेला काम, अर्धे असले तरी, सर्वांपुढे मांडावयाचे.

पारितोषिकाबद्दल थोडे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात मांडलेली कितीतरी उपकरणे मुलांनी केलेली नसतात, हे प्रदर्शनास जाणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असते. ती शिक्षकाने केलेली असतात, किंवा शहरातून विकत आणलेली असतात. मूल पाठ केलेले भाषण म्हणून दाखविते, आणि मधला एखादा शब्द विचारला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते. येथे नुकसान केवळ प्रामाणिकपणाचे होत नाही. त्या मुलाची अशी समजूत होते की ज्ञान ही दुसऱ्याने करून दिलेली आणि आपण मिरवावयाची वस्तू आहे. परीक्षकांनी गटातील ज्या मुलाने तो भाग केलेला नाही नेमक्या त्यासच त्या भागाविषयी विचारावे. त्यास सांगता आले तर गुण द्यावेत. एवढा एक नियम कसोशीने पाळला तर तयार उपकरणे आपोआप घरी राहतील.

शिक्षकांच्या आपसांतील व्यवहारासही हेच लागू आहे. एखाद्या शाळेतील बाईंनी अपूर्णांक शिकविण्यासाठी भाकरीचे, दोरीचे किंवा चिंचोक्यांचे उत्कृष्ट साधन केलेले असते. ते कपाटात कुलपात असते, आणि पाच किलोमीटरवरील शाळेतील गुरुजी त्याच अडचणीशी एकटेच झगडत असतात. केंद्राच्या शिक्षण परिषदेत परिपत्रके वाचली जातात आणि चहा होतो. तिच्यातील एक तास दोघादोघांनी समोरासमोर बसून एकमेकांचा एक पाठ वाचावा, शंका विचाराव्यात, आणि पाठटाचणाच्या कडेला वाचणाऱ्याने आपले नाव लिहावे, यासाठी राखून ठेवण्यास कोणत्याही वरिष्ठ आदेशाची जरुरी नाही. कॅलगरीत जमलेल्या मंडळींच्या त्या दोन अक्षरी संमतीचे हे शाळेतील रूप होईल.

हॅकेथॉनची एक मर्यादाही येथे सांगितली पाहिजे. तेथे तयार झालेल्या वस्तूंपैकी बहुसंख्य पुढे चालत नाहीत. दोन दिवस संपले की संघ पांगतो आणि काम तसेच राहते. ज्यांचा प्रश्न होता ती माणसे सोबत असली तर मात्र निराळे घडते. मार्च २०२० मध्ये कोविडची साथ पसरताच एस्टोनिया या लहानशा देशात १३ ते १५ तारखेस ४८ तासांचे हॅकेथॉन संगणकाच्या जाळ्यावरूनच भरविण्यात आले, आणि हजाराहून अधिक लोक त्यात सामील झाले. नागरिकांच्या शंकांना उत्तरे देणारी ‘सुवे’ नावाची प्रणाली त्यातून निघाली. ती शासनाच्या संकेतस्थळांवर वापरात आली. कारण उत्तरे ज्या कार्यालयांना द्यावयाची होती ती प्रथमपासून कामात होती. शाळेतील दिवसासही म्हणूनच सरपंच, शाळा व्यवस्थापन समितीचे सभासद आणि आहार शिजविणाऱ्या बाई यांना बोलवावे, तेही समारोपाच्या हारतुऱ्यांपुरते न बोलवता सकाळी प्रश्न मांडण्यासाठी बोलवावे.

दिवस संपताना प्रत्येक गटाने एका वहीत काय केले, काय फसले आणि पुढे कोणास काय विचारावयाचे आहे, एवढे लिहून ठेवावे. वही कपाटात न ठेवता वर्गात खिळ्याला टांगावी. एका महिन्याने त्याच नळाखाली तेच माप पुन्हा पाव तास ठेवावे. त्या वेळी मोजण्याचे काम दुसऱ्या गटाकडे द्यावे, आणि आकडा त्याच पानावर, पहिल्या आकड्याखाली लिहावा.